हलकं काळीज

एक पाकीट, वीस सिगरेटी.
दहा कायपोच्या, दहा माझ्या.
होनोकाच्या साखर कारखान्यात, बॉयलरच्या मागे,
भोंगा व्हायच्या आधी आमची वाटणी व्हायची,
सख्खे भाऊ जमीन वाटतात त्याहून चोख.

मी अर्धी ओढायचो. विझवायचो.
उरलेली कानावर, सुताराच्या पेन्सिलीसारखी.
तो बोटं भाजेस्तोवर, गाल आत जाईस्तोवर.
शेवटचा झुरका तर असा
की भाताच्या भांड्याची खरवड काढावी.
दुपार व्हायच्या आत त्याच्या दहा संपलेल्या.
"चोगो, एक दे ना."
द्यायचो. पण फुकट नाही,
प्रत्येक सिगरेटीमागे एक उपदेश.

माझा बाप म्हणायचा, मन म्हणजे घोडं,
लगाम हातात हवा.
चाळीस वर्षं मी ते वाक्य
कायपोच्या तोंडावर फेकलं.
तो हसायचा, खोकायचा, पुन्हा हसायचा.
पुढे पुढे नुसता खोकायचा.

कारखाना बंद पडला त्या साली
होनोलुलूहून माणसं आली, लघवी मागायला.
सिगरेट ओढणाऱ्यांचा कसलासा अभ्यास.
दोघांनीही बाटल्या भरल्या.
बर्फाच्या पेटीत ठेवताना पाहून कायपो म्हणाला,
"माझं कुठलंच काही आजवर
कुणी इतकं जपून नेलं नव्हतं."

तो गेला त्याला आता सहा वर्षं.

परवा दवाखान्यात अगबायानीची धाकटी पोर
जुने कागद पुढ्यात घेऊन बसली.
माझ्या उजव्या बरगडीखाली बोट टेकवून म्हणाली,
निकोटिन इथे मोडतं, आजोबा.
(काळीज खरं तिथे असतं.
आपण उगाच छातीवर हात ठेवतो.)
तिथे एक एन्झाइम बसलेलं असतं, कारकुनासारखं.
माझा कारकून आळशी,
एकच फाईल दिवसभर उलटीपालटी करणारा.
सकाळची अर्धी सिगरेट
जेवणवेळेपर्यंत रक्तात रेंगाळलेली.
कायपोचा कामसू.
आली की निकाली, आली की निकाली,
आणि लगेच खिडकीतून हाक, पुढची!
मागायचं ते निकोटिन,
पण प्रत्येक मागणीबरोबर डांबर आत जायचं,
खोल, अगदी तळापर्यंत.

"वंशाचं आहे का हे? आम्ही जपानी, तो इथला?"
"थोडंफार. पण खरं तर माणसागणिक.
आणि सगळंच काही यानं ठरत नाही."
"मग माझा लगाम?"
ती हसली. "लगाम कसला,
तुमचं घोडंच संथ."

मग नळी दिली तोंडात. फुंका, आणखी फुंका.
पडद्यावरची रेघ चढली,
आणि अर्ध्या वाटेत बसली
उन्हातल्या म्हाताऱ्यासारखी.
"कमी ओढलीत म्हणून
सुटलात असं नाही, आजोबा."

संध्याकाळी हौनानीकडे गेलो.
कोपऱ्यात त्याचं ऑक्सिजनचं यंत्र,
त्यावर आता फर्नची कुंडी.
सगळं सांगितलं. कारकून, फाईल, घोडं.
म्हटलं, मी त्याला चाळीस वर्षं दुबळा म्हणत आलो.

ती तारोची साल काढत होती.
बराच वेळ काढत राहिली.
मग म्हणाली, आमच्या भाषेत काळजाला अके म्हणतात.
आस लागणं, तेही अकेच.
आणि फुप्फुसाला?
अकेमामा. हलकं काळीज.

"तुझे उपदेश तो मला रात्री करून दाखवायचा," ती म्हणाली,
"तुझ्या आवाजात. आम्ही पोट धरून हसायचो."

परतताना चढणीवर दोनदा थांबलो.
सवयीने हात कानाकडे गेला.
तिथे काही नव्हतं. चौदा वर्षं झाली, काही नसतं.
तरी चाचपून पाहिलं,
त्याची एक उरली असेल देणं.